देवकाच्या नावानं

मा-नामेत्सो माकडांना खायला घालते, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याची जीभ झडो. हे मी त्याच्या तोंडावर म्हणाले आहे, चारचौघांत म्हणाले आहे, आणि आता पुन्हा म्हणते. एकोणीस वर्षं मी तिच्या शेजारी बसले, कगाले टेकडीच्या पायथ्याला, एकाच मोरुल्याच्या झाडाखाली. उगवतीच्या बाजूला ती, मावळतीच्या बाजूला मी. ती पेटी मांडून माग्विन्या विकायची, तळलेले पिठाचे गोळे, मुठीएवढे, आतून मऊ. आणि आल्याचं गेमेरे, घरी केलेलं, पहिल्या घोटाला नाकातून पाणी काढणारं. मी पाण्याच्या बाटल्या, संत्री आणि वाळवलेल्या फाने-अळ्या विकते. अजूनही विकते. तेव्हा तिच्याबद्दल कोणी बोलायचंच असेल तर मी बोलावं, कालपरवा गाडीतून उतरलेल्यांनी नव्हे.

बाई पाच फूटही नसेल उंचीला. पाय सुजलेले, पण पहाटेची पहिली कोंबी, म्हणजे भाड्याची व्हॅन, कधी चुकवली नाही. नालेदी वस्तीतल्या खोलीत रात्रीच पीठ भिजवून, पातेलं ब्लँकेटात गुंडाळून ठेवायची, आणि आपण स्वतः पातळ चादरीत झोपायची. मी एकदा म्हटलं, "मा, थंडीनं मरशील." तर म्हणते, "मी फुगले नाही तरी चालतं, पोरी. पीठ फुगायला पाहिजे."

तुम्ही सकाळी कगालेला आलात, तर तुम्हाला वाटेल ही माग्विन्यावाली बाई आहे. चूक. ती किल्ल्यांवाली बाई होती. चढणारा माणूस गाडीची किल्ली घेऊन कशाला चढेल? पळताना खिशात खुळखुळते, खडकांत पडली तर गेलीच. म्हणून सगळे किल्ली मा-नामेत्सोकडे टाकायचे. चिठ्ठी नाही, नंबर नाही, पैसे नाहीत. ती एप्रनच्या खिशात घालायची आणि माणसाकडे एकदा नीट बघायची. बस. तीस किल्ल्या असल्या तरी कुठली कोणाची हे तिला कधी विचारावं लागलं नाही. आणि सूर्य डोक्यावर आला आणि खिशात एखादी किल्ली उरली, की बाई बेचैन. "तो लाल टोपीवाला उतरला नाही. जा गं, कोणाला तरी वर पाठव." एक शाळामास्तरीण अशीच सापडली, मागच्या घळीत घोटा मोडून पडलेली. टेकडीच्या ऑफिसच्या पहारेकऱ्याला पत्ता नव्हता. तो गेटवर फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

स्वतः ती टेकडीवर फक्त एकदाच गेली होती. "काय आहे वर?" म्हणायची. "धरण दिसतं. मग? गेलेले सगळे परत माझ्याकडेच येतात ना?"

आता माकडांचं. कगालेचे बबून काय चीज आहेत ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. हातातली पिशवी कधी गेली ते कळत नाही. आणि मा-नामेत्सो मान्याना गावची, हुरुत्शे लोकांतली, त्यांचं देवक बबून. आम्ही रामोत्स्वाचे, आमचं रानरेडा. देवकाला मारायचं नाही, खायचं नाही, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. यात कुठं आलं, की त्याला ताट वाढायचं? पण देवक शब्द ऐकला की शहरातल्या शिकल्यासवरल्यांच्या डोक्यात भलतंच येतं. आजी-आजोबांकडून काही शिकले असते तर ना!

मा-नामेत्सोइतकी माकडं कोणी हाकलली नसतील. रिकामा तेलाचा डबा आणि लाकडी पळी, ही तिची हत्यारं. कळप खडकांवरून खाली सरकायला लागला की डबा बडवायला सुरुवात. पण बडवतानाही अहोजाहो. सगळ्यांत मोठा नर होता, मानेवर आयाळ, एक कान फाटलेला, त्याला ती मामा म्हणायची. "मामा, उठा. वर चला. इथं तुमचं काही नाही. बायकामुलं घेऊन जा बघू." आणि तो जायचा! मी दगड मारले तर दात दाखवायचा, आणि तिनं मामा म्हटलं की गुमान उठून जायचा. मला राग यायचा. मी म्हणायचे, "मा, तुझं नातं आहे बाई, आमचं कुठलं!" ती हसून पळी पुसायची.

मग आले ते हिरवे शर्टवाले.

रा-मोलेफी नावाचा एक गृहस्थ आहे; बाईला आम्ही मा म्हणतो, पुरुषाला रा. गावात व्यायामशाळा चालवतो. दर शनिवारी पन्नास-साठ माणसं घेऊन येतो, सगळ्यांना हिरवे शर्ट, छातीवर त्याचंच नाव. चढतात कमी, फोटो जास्त. तरी वाईट नव्हतं, पाणी खपायचं. त्याची किल्लीही चार वर्षं मा-नामेत्सोच्याच खिशात असायची. हे लक्षात ठेवा. चार वर्षं.

जूनमधला शनिवार. थंडी कडक, मी हात काखेत घालून बसलेली. रा-मोलेफी उतरून आला, मागं त्याची मंडळी, आणि मामा एका सपाट खडकावर ऊन खात बसलेला. मा-नामेत्सो त्या वेळी तेलाखालची आच कमी करत होती, पाठ होती तिची. या शहाण्यानं पिशवीतून केळं काढलं. एका पोरीला म्हणाला, "काढ, काढ, आम्हा दोघांचा काढ." केळं पुढं केलं. मामानं घेतलं, खाल्लं. फोटो नीट आला नसेल. दुसरं केळं काढलं. पुढं केलं आणि मागं घेतलं. पुढं केलं आणि मागं घेतलं. सगळे हसतायत. माझ्यापासून दहा पावलांवर, स्वच्छ उन्हात. तिसऱ्यांदा मागं घेतलं आणि मामानं हात धरला, दातांनी.

ओरडला तो! व्यायामशाळेचा मालक, दंड एवढे, आणि ओरडणं असं की गेटवरच्या पहारेकऱ्यानंसुद्धा फोन ठेवला. रक्त बरंच आलं, नाही म्हणत नाही. मा-नामेत्सोच धावली, आपल्या पाण्यानं हात धुतला, स्वच्छ फडकं बांधलं. आणि हा माणूस फडकं बांधून घेता घेता तिच्याकडे बघून म्हणतो, "तुझ्यामुळं झालं हे, म्हातारे. तूच सवय लावलीस. तुझं देवक आहे ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "रा, केळं काय हिच्या पेटीतून उडालं का?" तर म्हणतो, "तू गप बस, तुला काय माहीत." तिनं मात्र फडक्याची गाठ मारली, खिशातून त्याची किल्ली काढून त्याच्या चांगल्या हातात ठेवली.

सोमवारी टेकडीच्या ऑफिसातून रा-सेरुमोला आला. पोट पुढं, फाइल त्याच्याही पुढं. म्हणाला, तक्रार आली आहे, पन्नास सह्यांची. खाद्यपदार्थ विकणारी स्त्री देवकाच्या श्रद्धेपोटी वन्य प्राण्यांना खाऊ घालते, त्यामुळे प्राणी आक्रमक झाले. जागा रिकामी करावी लागेल.

पन्नास सह्या! पन्नास हिरवे शर्ट, आणि एकेकाच्या फोनमध्ये माकडाला पाव देतानाचा फोटो. मी त्याला म्हटलं, "त्यांचे फोन तपासा ना." तो म्हणाला, "ते आमच्या कामात येत नाही."

पण त्याला खरं तर बाईशी वैर नव्हतं. त्याला कागद मिटवायचा होता. आवाज खाली आणून तिला म्हणाला, "मा, एक मार्ग आहे. इथं सही करा. एवढंच लिहिलंय, की तो मोठा नर विनाकारण माणसांच्या अंगावर जातो, तुम्ही अनेकदा पाहिलंय. मग आम्ही त्याला गोळी घालतो, तक्रार संपली, तुम्ही इथंच बसा. कोण विचारतंय तुम्हाला?"

तिनं कागद वाचला. वाचता येतं तिला, चौथीपर्यंत शिकली होती. चष्मा काढला आणि म्हणाली, "विनाकारण नाही गेला, रा."

"मा, माकड आहे ते."

"असेल. पण विनाकारण नाही गेला."

मी तिला कोपरानं ढोसलं. सही कर ना बाई! माकड गेलं तर गेलं, दुसरं येईल. तुझी जागा गेली तर तुझं काय? खोलीचं भाडं, औषधं, सगळं त्या पेटीवर. मुलगी होती, नामेत्सो, ती अकरा वर्षांपूर्वीच गेली. पुढं मागं कोण आहे हिला? पण नाही. बाईनं कागद परत दिला आणि म्हणाली, "ही जागा मला चावडीनं दिलीय. चावडी काढेल तर उठेन."

हे खरं होतं. टेकडीला गेट-बिट काही नव्हतं तेव्हा जुन्या कगोसींनी, म्हणजे आमच्या वस्तीच्या प्रमुखांनी, आम्हा दोघींना झाडाखाली बसायला सांगितलं होतं. रा-सेरुमोलाचं तोंड आंबट झालं, पण चावडीचं नाव काढल्यावर तो काय करणार? गुरुवारी सकाळी बैठक ठरली.

आणि मग मंगळवारी संध्याकाळी निरोप आला, की गुरुवारी एका वयस्कर माणसाची मयत आहे, तेव्हा बैठक उद्याच. निरोप मा-नामेत्सोला मिळाला, मला नाही. मी बुधवारी नेहमीसारखी पहाटे टेकडीवर. ती नाही म्हणून मी चक्रावले, तेवढ्यात कोंबीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "मा-मोआगी, तू इथं काय करतेस? तुझी मैत्रीण चावडीवर आहे!" मी टेबलावर चादर टाकली आणि त्याच्याच कोंबीत चढले.

आणि अंगात काय? पँट. थंडीची, पोराची जुनी, जाड पँट, गुडघ्याला ठिगळ लावलेली.

चावडीच्या लाकडी कुंपणापाशी पोचले, तर शिपायानं काठी आडवी घातली. "मा, बाईमाणूस पँट घालून आत येत नाही."

"अरे, मी साक्षीदार आहे! मी बघितलंय!"

"बघितलं असशील. पण पँट घालून आत नाही."

आता मला काय नियम माहीत नाही का? माझ्या आईनं मला दहा वर्षांची असताना शिकवलंय. बाई चावडीत जाते ती लांब झगा घालून, डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल. पुरुष कोट घालून. मला सगळं माहीत आहे, आणि तरी मी गाढवासारखी पँट घालून गेले, कारण घाईत डोकं चाललं नाही. मी त्या शिपायावर जे काही बोलले ते इथं सांगत नाही. मा-नामेत्सो आत बायकांच्या बाजूला जमिनीवर बसली होती, पाय लांब करून. माझा आवाज ऐकून ती उठून बाहेर आली. मला बघितलं, पँट बघितली.

"तुझी पँट," म्हणाली. "देवा."

"मी परत जाऊन बदलून येते."

"तोवर संपेल सगळं." आणि तिनं खांद्यावरची शाल काढली. मोठी, चौकड्यांची, लग्नाकार्यात आणि मयतीला घ्यायची, लग्न झालेल्या बाईची शाल. ती माझ्या कमरेला गुंडाळली, दोनदा, आणि घट्ट गाठ मारली. पँट पूर्ण झाकली. "जा."

"आणि तू?"

"माझं काय सांगायचं आहे? बघितलं तू. मी तर तेलाकडे बघत होते."

शाल नाही म्हटल्यावर तीही आत येऊ शकत नव्हती. शालीविना चावडीत बसणं बरं दिसत नाही, आणि तिला तर मुळीच चाललं नसतं. ती कुंपणाच्या बाहेर, ओंडक्यांच्या फटीतून दिसेल अशी उभी राहिली, स्वेटरवर, हात पोटाशी बांधून. आणि मी तिची शाल नेसून आत.

आत रा-मोलेफी बसला होता खुर्चीवर, कोट घालून, हाताला पांढरं बँडेज मनगटापासून कोपरापर्यंत. चावा पंज्याला होता! बाकी बँडेज कशाला, शोभेला? तो बोलला. गोड बोलला. मुलं येतात, वृद्ध येतात, पर्यटक येतात, टेकडी सर्वांची आहे, आणि एका व्यक्तीच्या अंधश्रद्धेपायी... मी उठणारच होते. पण चावडीत दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं, आणि एवढं तरी मला आठवलं. दातावर दात दाबून बसले.

मग कगोसींनी मला विचारलं. हे नवे कगोसी, जुन्यांचे पुतणे, केस पिकलेले, मवाळ माणूस. मी उभी राहिले आणि सांगितलं. केळं सांगितलं, पहिलं आणि दुसरं. पुढं-मागं, पुढं-मागं केलं ते हातानं करून दाखवलं. म्हाताऱ्या हसायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "माझ्याशी असं केलं असतं तर मीही चावलो असतो." सगळी चावडी हसली. रा-मोलेफी बँडेजकडे बघत बसला. मी सांगितलं, किल्ल्यांचंही सांगितलं, मास्तरणीच्या घोट्याचंही. कगोसी मान हलवत होते. मला कळलं, आपण जिंकलो.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी तिथं खाण्याचंच विकता. तुमच्याकडून त्या माकडांच्या तोंडी कधी काही जातं का? मा-मोआगी, तू सांग."

"कधीच नाही, कगोसी," मी म्हटलं. "एक दाणा नाही."

"बरं," ते म्हणाले.

झालं असतं तिथंच. पण रा-सेरुमोला उठला, फाइल छातीशी धरून. म्हणाला, जिच्यावर तक्रार आहे तिनं स्वतः सांगावं, एवढं तरी नोंदीत यायला हवं. बरोबर आहे, कोणाला त्यात काही वाटलं नाही. कगोसींनी इकडं तिकडं बघितलं. शिपायानं कुंपणाकडे बोट केलं. कगोसींनी फटीतून तिला बघितलं, शालीविना थंडीत उभी, आणि त्यांना काय झालं असेल ते मला कळतं. वयानं मोठी बाई, आपल्या चावडीच्या बाहेर भिकाऱ्यासारखी उभी. त्यांना वाटलं तिचा मान राखावा. म्हणून त्यांनी तिला नावानं हाक मारली नाही. खुर्चीतून अर्धवट उठून, टोपी हातात घेऊन, देवकाच्या नावानं हाक मारली.

"च्वेने!"

च्वेने म्हणजे बबून. आमच्यात याहून मोठा मान नाही. अशी हाक लग्नात मारतात, मयतीत मारतात, तुमचे सगळे गेलेले पूर्वज तुमच्यामागं उभे आहेत असं मानून मारतात.

"च्वेने," कगोसी म्हणाले, "आम्ही तुला आदरानं विचारतो. तू त्यांना कधी खायला घातलंस का?"

नाही म्हण. मी मनातल्या मनात ओरडत होते. एकच शब्द आहे बाई, नाही म्हण आणि चल घरी.

मग कुंपणाबाहेरून तिचा आवाज आला, अगदी साधा, माग्विन्याची किंमत सांगावी तसा.

"हो, कगोसी. एकदा."

मी कपाळावर हात मारला, सगळ्यांदेखत.

"दुष्काळाच्या वर्षी," ती म्हणाली. "एक मादी होती. तिचं पिल्लू मेलं होतं आणि ती ते टाकत नव्हती. चार दिवस छातीशी धरून फिरली. कळप पुढं जायचा, ती मागं राहायची. चौथ्या दिवशी माझ्या पेटीपासून थोड्या अंतरावर येऊन बसली. काही मागितलं नाही तिनं. मी डबा वाजवला, ती उठली नाही. तिच्यात उठायची ताकदच नव्हती. मग मी अर्धा माग्विन्या दगडावर ठेवला आणि तोंड फिरवून बसले. खाल्ला तिनं. मग पिल्लू तिथंच झाडाखाली ठेवून गेली. मी ते पुरलं."

माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसायला लागली. तिला नामेत्सोचं माहीत होतं. मलाही माहीत होतं, पण अर्ध्या माग्विन्याचं माहीत नव्हतं. त्या दिवशी मी सुट्टीवर असेन.

आणि रा-सेरुमोला! थोडी तरी लाज! लगेच फाइल उघडून, "कबुली आली, कगोसी. आमच्या नियमात एकदा आणि शंभरदा असा भेद नाही."

कगोसी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे याला हाकलतील. पण हाच तर मवाळ माणसांचा शाप. त्यांनीच विचारलं होतं, भर चावडीत, मान देऊन विचारलं होतं. आता उत्तर ऐकलंच नाही असं कसं म्हणणार? त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बसू द्या, मग जागा रिकामी. आणि माकडाला गोळी घालायची नाही, हेही ठरलं, कारण चूक माणसाची. हे बोलताना त्यांनी रा-मोलेफीकडे बघितलं, पण बघण्यानं काय होतं? त्याला काय दंड झाला? तो कोटाची बटणं लावत उठला आणि गाडीत बसून गेला.

आम्ही चालत निघालो. कोंबीची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता. मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले! "तुला काय गरज होती? एकदा अर्धा माग्विन्या! कोणी बघितलं होतं? मीसुद्धा नाही. पन्नास माणसं रोज खोटं बोलून सही करतात, आणि तू? एक नाही तोंडातून निघत नव्हतं?"

"निघालं असतं," ती म्हणाली.

"मग?"

"त्यांनी मला मा-नामेत्सो म्हणून विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. सरळ म्हणाले असते. मी काय देवदूत आहे? जागा पाहिजे होती मला." ती थांबली, पाय दुखत होते. "पण त्यांनी च्वेने म्हणून विचारलं, पोरी. मग उत्तर मी एकटीनं द्यायचं नव्हतं."

"तुझे पूर्वज भाडं भरणार आहेत का?"

"नाही," म्हणाली आणि हसली. खरंच हसली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी तिला कगोसींवरून बोलले, त्यांच्या मानावरून बोलले, म्हटलं, "कोणी मागितला होता त्यांचा मान? तू आत बसली असतीस, शाल घेऊन, साधी बाई म्हणून, तर साधंच विचारलं असतं! आणि तू बाहेर का होतीस? माझ्यामुळं! माझ्या या..." आणि मी शालीची गाठ सोडायला लागले. रस्त्याच्या मधोमध, पँट दिसेल याची पर्वा न करता. गाठ सुटेना. तिनं इतकी घट्ट मारली होती.

"राहू दे, घरी जाऊन सोड," ती म्हणाली. मग जरा पुढं जाऊन, मागं न बघता, म्हणाली, "आणि ती संत्री झुडपामागं टाकू नकोस आता. मी नसेन, डबा वाजवायला कोणी नसेल. ते खाली उतरतील, कोणाला तरी चावतील."

मी जागच्या जागी उभी राहिले.

संध्याकाळी मऊ पडलेली संत्री मी घरी नेत नाही. कोण ओझं वाहणार? झाडामागं झुडपं आहेत, तिथं टाकते. पिशवीभर असतात कधी. कुठं जातात ती, हे मी कधी बघितलं नाही, म्हणजे बघायचं नव्हतं. एकोणीस वर्षं. आणि ती रोज पहाटे माझ्याआधी यायची, सालं बघायची, कळप हाकलायची, आणि मी आले की माझ्यासाठी आल्याचा कप काढून ठेवलेला असायचा.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"शेजारी बसते मी तुझ्या," ती म्हणाली.

म्हणजे मी तिचीच शाल नेसून, भर चावडीत, एक दाणा नाही म्हणत होते, तेव्हा ती कुंपणाबाहेर ऐकत उभी होती. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तिची जागा वाचली असती. कगोसींनी विचारलं होतंच, तुमच्याकडून काही जातं का. तिनं आपला अर्धा माग्विन्या सांगितला. माझी संत्री सांगितली नाहीत.

महिना संपल्यावर ती मान्यानाला गेली, बहिणीकडे. पेटी आणि तेलाचा डबा कोंबीच्या टपावर बांधला. मी शाल धुऊन, इस्त्री करून दिली.

मी अजून झाडाखाली बसते, आता दोन्ही बाजूंनी. ऑफिसवाले येतात, फाइल घेऊन विचारतात, मा, तुम्ही माकडांना काही घालत नाही ना? मी म्हणते, नाही हो. ते लिहून घेतात आणि जातात. हिरवे शर्टवाले विचारतात. पर्यटक विचारतात. सगळे मला मा-मोआगी म्हणून विचारतात, आणि मी सगळ्यांना तेच सांगते. चावडीवर मात्र मी तेव्हापासून गेलेली नाही. लग्नालाही नाही, मयतीलाही नाही. कोणी मला रानरेड्याच्या नावानं हाक मारली, तर मी काय उत्तर देऊ?